पावणेदोन वर्षांची लेक, वाईचे आजी-आबा आणि व्हिडिओ कॉल

लीड्सकर
लेक पावणेदोन वर्षांची आहे. आम्ही इंग्लंडात लीड्सला, सासूसासरे वाईला, माझी आई सोलापूरला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि आमचं सगळं गणित कोलमडलं. उन्हाळ्यात भारताशी साडेचार तासांचं अंतर असतं, आता साडेपाच. पाळणाघरातून तिला घेऊन घरी पोचेपर्यंत साडेपाच वाजतात, म्हणजे वाईत रात्रीचे अकरा. आबा नऊला दिवा मालवणारे. उरते ती सकाळ. सातला तिला दूध देता देता फोन लावते तेव्हा तिकडे साडेबारा. आईंचा कुकर व्हायचा असतो, आबा पेपर घेऊन बसलेले असतात.

पण खरी अडचण वेळेची नाहीच. फोन लागला की सुरुवात ठरलेली. "मी कोण? सांग बघू मी कोण? आबा म्हण. काऊ कसा ओरडतो? नाक कुठंय?" लेक एकदा नाक दाखवते, दुसऱ्यांदा फोन घेऊन पळते. मग वाईला आमचं छत दिसतं, रेडिएटर दिसतो, सोफ्याखालचा कचरा दिसतो, आणि शेवटी लाल बटण. आई मला काही म्हणत नाहीत, पण परवा नवऱ्याला म्हणाल्या, "तिला आमची सवयच नाही रे, परकेच आम्ही." तिकडे सोलापूरच्या आईला वाटतं की वाईवाल्यांना जास्त वेळ मिळतो.

एवढ्या लहान पोराची लांबच्या माणसांशी गाठ कशी घालून द्यायची? तुमच्याकडे काय चालतं ते सांगा. अ‍ॅप सुचवू नका, अ‍ॅपं चिक्कार आहेत.

सॅनहोजेचा_बंड्या
आमचं कॅलिफोर्निया ते नागपूर, सध्या साडेतेरा तास. ऐकायला भयंकर वाटतं, पण सोयीचं आहे. संध्याकाळी सातला पोरगा जेवायला बसतो तेव्हा नागपुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ. आई पूजा उरकून चहा घेत असते. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवतो. तिकडे चहा, इकडे वरणभात. पोरगा मधूनच एक घास आजीला, म्हणजे फोनला, भरवतो. आई तिकडे 'आ' करून घास खाते, चावते आणि "मीठ कमी आहे" म्हणते. फोनवर तुपाचे डाग कायमचे. टोमणा बायकोला मारते की मला, ते अजून कळलेलं नाही, कारण वरण मी करतो.

मटकी_उसळ
बंड्या, मीठ कमीच असू दे, पोराचं वरण आहे.
मूळ प्रश्नाला: आमच्याकडेही हीच परीक्षा चालायची. पोराला वाटतं फोन म्हणजे तोंडी परीक्षा. कोण बसेल?

गुहागरची_आजी
मुली, मी पलीकडच्या बाजूने लिहिते आहे. माझा नातू सिडनीला असतो, आता दोन वर्षांचा होईल. तिकडे सध्या आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे. त्यांचे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा माझे साडेअकरा.

मीही सुरुवातीला तुझ्या सासूबाईंसारखंच करत असे. करणार काय, बोलण्यासारखं दुसरं असतं काय एवढ्याशा जिवाशी? मग सुपारीचे दिवस आले. सुपारी सोलायला बसले होते नि फोन आला. हात चिकट, म्हटलं उचलून कठड्यावर ठेवावा. रेंजही पडवीच्या त्याच कोपऱ्यात येते. मी सोलत राहिले आणि सुनेशी बोलत राहिले. हा तिकडे गाड्या खेळत होता. थोड्या वेळाने जवळ आला. "आजी काय कत्ते?" "सुपारी सोलते." "का?" "वाळली म्हणून." गेला. परत आला. त्याला माझी कोंबडी दिसली. मग काय विचारता!

आता रोज तसंच. मी त्याला काही विचारत नाही. कोंबड्यांना तांदूळ टाकते, नारळ खवते, कुळीथ पाखडते. तो त्याच्या खेळात. मधूनच येऊन मी आहे ना ते बघून जातो. अर्धा तास सहज जातो, सून तेवढ्यात स्वयंपाक उरकते. बोलणं होतं दोन-चार वाक्यांचं. पण सून सांगते की झोपताना तो "आजी कोंबडी जो जो" म्हणतो.

लीड्सकर
आजी, हे फारच आवडलं. आमच्या आई फोन आला की गॅस बंद करून, हात पुसून, समोर नीट बसतात. नातीचा फोन म्हणून. त्यांना "काम करत राहा" कसं सांगायचं? सुनेने सांगितलं की वाटणार, हिला आमच्याशी बोलायचंच नाही.

खडूस_काकू
सुनेने सांगूच नये. मुलाने सांगावं. मुळात सासूसासऱ्यांना रोज फोन लावायचं काम सुनेकडे कसं आलं? तू दूध दे, डबा भर, पोरीचे मोजे शोध, त्यात वाईचा फोन धर आणि तो नीट झाला नाही म्हणून अपराधी वाटून घे. त्यांचा मुलगा कुठे असतो सकाळी सातला?

लीड्सकर
तो साडेसहाला निघतो, ट्रेन असते. शनिवार-रविवार घरी असतो. तेव्हाही फोन मीच लावते हे तुम्ही म्हणाल्यावर लक्षात आलं.

खडूस_काकू
शनिवार-रविवार त्याचे. विषय संपला.

डॉ_खोकला
मी बालरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला. इथे कुणाच्या बाळाला तपासत नाही, पण स्क्रीनचा प्रश्न कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत बसून स्क्रीन बघणं नकोच, त्यानंतरही दिवसाला तासाभराच्या वर नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये अठरा महिन्यांच्या आतल्या मुलांना स्क्रीन टाळायला सांगितलं, पण त्यातून व्हिडिओ कॉल वगळले. आपल्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सनेही दोन वर्षांखालच्यांना स्क्रीन नको म्हणताना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे. तेव्हा आजीचा फोन म्हणजे कार्टून नव्हे.

याला कारण आहे. २०१४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवीन क्रियापदं शिकवली: काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. समोरची आणि कॉलवरची मुलं शिकली, रेकॉर्डिंगवाली शिकली नाहीत. फरक असा की कॉलवरचं माणूस मुलाच्या करण्याला लगेच उत्तर देतं. तुम्ही गाडी दाखवली की आजी "अरे वा, लाल गाडी" म्हणते, टीव्ही म्हणत नाही.

आता गुहागरच्या आजींचं बघा. त्या गप्प आहेत, पण मूल काही म्हणालं की त्याच क्षणी उत्तर देतात. आणि विषय मुलाने निवडलेला असतो, आजीने नव्हे. "नाक कुठंय" मध्ये विषय मोठ्यांचा असतो.

दोन बारीक गोष्टी. कॅमेरा फोनच्या वरच्या काठाला असतो, आजी मात्र खाली स्क्रीनवरच्या नातीकडे बघतात, म्हणून नातीला आजीची नजर नेहमी दुसरीकडेच गेलेली दिसते. "ते बघ" म्हणून बोट दाखवलं तर बोट नेमकं कुठे आहे ते तिला कळत नाही. वस्तूच कॅमेऱ्यासमोर धरा. आणि आवाज अर्ध्या सेकंदाने पोचतो, म्हणून विचारून झाल्यावर जरा थांबा. आपण घाईने तीन प्रश्न टाकतो आणि मूल बिचारं पहिल्याचं उत्तर शोधत असतं.

फिरंगीपुणेकर
एवढं सगळं करूनही विमानतळावर काय होतं ते लिहितो. मुलगा फोनवर आजीला ओळखायचा, पापी घ्यायचा, टाटा करायचा. आजी म्युनिकला उतरली, तिने हात पुढे केले आणि हा किंचाळून माझ्या पायाला चिकटला. आईचा चेहरा बघवेना. आणि शेंगेन व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच राहता येतं, त्यातले पहिले काही दिवस असे रडण्यात गेले.

डॉ_खोकला
अगदी नेहमीचं आहे हे. फोनमधली आजी तळहाताएवढी असते, तिला वास नसतो. समोरची आजी उंच, नऊवारीतली, तिच्या बांगड्या वाजतात, वर ती उचलूनही घेते. मुलाच्या दृष्टीने ती वेगळीच बाई. पहिल्या दिवशी आजीने उचलायचं नाही. जमिनीवर बसायचं, बॅग उघडायची आणि एकेक वस्तू काढत राहायची. मूल येतं.

फिरंगीपुणेकर
नऊवारी नव्हे, पंजाबी ड्रेस होता. बाकी मान्य. पुढच्या वेळी बॅग आधी.

दर्यावर्दीण
आमचा बाबा लांब, आजी जवळ. नवरा मर्चंट नेव्हीत, मी कल्याणला. जहाजावर इंटरनेट कधी असतं, कधी नसतं, आणि असलं तरी व्हिडिओ फुटतो. थांबलेला, तोंड वासलेला बाबा बघून मुलगा घाबरला होता. तेव्हापासून आम्ही आवाजावर आलो. जायच्या आधी त्याने चिऊकाऊची गोष्ट आपल्या पद्धतीने सांगून ठेवली, मुलाचं नाव घालून. चिऊ त्याच्याच खिडकीत घर बांधते. अंघोळीची सूचनाही आहे: "आता डोक्यावर पाणी, डोळे मीट." रोज तीच लावते. डॉक्टर, रेकॉर्डिंगने क्रियापद शिकत नाहीत हे ठीक, पण मुलगा डोळे मिटतो.

डॉ_खोकला
मिटू दे की! शब्द शिकवायला नाही, बाबाचा आवाज घरात राहावा म्हणून लावताय ना.

जुनाजाणता
आमचे काका ऐंशीच्या दशकात कुवेतला होते. रत्नागिरीकडून कुणी जाणार असलं की त्यांच्या हाती आम्ही कॅसेट पाठवायचो. सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं आणि आयत्या वेळी कुणालाच काही सुचायचं नाही. आजी म्हणायची, "बरा आहेस ना, आम्ही बरे आहोत," आणि पुढे नुसता पंख्याचा आवाज. मागे धाकटी बहीण रडते, कोंबडा आरवतो, कुणीतरी कप फोडतं. काका सांगत की तेच परत परत ऐकायचे, बोलणं नव्हे.

त्याच्याही आधी वडील सैन्यात असताना आई निळ्या आंतर्देशीय पत्रावर माझा हात ठेवून पेन्सिलीने कड काढायची. दर पत्रात हात थोडा मोठा. व्हॉट्सअ‍ॅपवर हात मोठा झालेला कळत नाही. लीड्सकर, कागदावर हाताचा छाप काढून टपालाने पाठव. तुझ्या सासऱ्यांच्या पिढीला पाकीट उघडायची सवय आहे.

बालाघाट
मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. धागा वाचला, चांगला आहे, म्हणून आमच्याकडचंही लिहिते. आमच्याकडे लांब गेलेलं माणूस विमानाने गेलेलं नसतं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. सांगली, कोल्हापूर, सातारा, काही कर्नाटकात. अगदी तान्ही पोरं बरोबर जातात. जरा मोठं असलं आणि घरी म्हातारी असली की तिच्यापाशी राहतं, मार्च-एप्रिलपर्यंत.

शेजारी अशीच अडीच वर्षांची पोरगी आजीपाशी आहे. आईबाप पहाटे फडात, रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीत. फोन ट्रॅक्टरवर चार्ज झाला तर लागतो. आजीचा फोन बटणाचा, म्हणून व्हिडिओ माझ्या मोबाईलवर येतो. पोरगी आईला बघून आधी हसते, मग हात लावते, मग आई बाहेर येत नाही म्हणून रडते. तिकडे आई रडते. आजीला पुढे रात्रभर तिला खांद्यावर घेऊन फिरावं लागतं. शेवटी आजीच म्हणाली, "बाई, तोंड दाखवू नका, नुसतं बोला." आता आई रात्री दोन मिनिटं आवाज पाठवते. आज काय खाल्लं, बैलाने काय केलं, तुझी बाहुली कुठंय. पोरगी सकाळी अंगणवाडीच्या दारात येऊन मला म्हणते, "बैल लाव."

म्हणून सांगते, व्हिडिओ सगळ्यांना मानवतोच असं नाही. आजी-आजोबा लांब असणं वेगळं, आई लांब असणं वेगळं.

गुहागरची_आजी
बाई, त्या म्हातारीला माझा नमस्कार सांगा.

मटकी_उसळ
विषयांतर वाटेल, पण फोटोंचं कुणी बोलतच नाही. आमच्या एका नातेवाइकांनी बाळाच्या अंघोळीचा फोटो स्टेटसला लावला. त्यांच्या स्टेटसला दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, जुने सहकारी, सगळे. मी काढायला लावला तर "आम्ही काय परके?" तेव्हापासून घरात नियम: फोटो फक्त शेअर केलेल्या अल्बममध्ये, तिथून पुढे पाठवायचे नाहीत आणि कपड्यांशिवाय एकही फोटो काढायचा नाही.

सॅनहोजेचा_बंड्या
अल्बममध्ये दुसरी भानगड. जून २०२१ पासून गूगलवर फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात. बाबांची जागा 'सुप्रभात'च्या फुलांनी भरली होती, नातवाला जागाच नव्हती. अल्बम मी माझ्या खात्यात ठेवलाय, ते नुसते बघतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर एचडी निवडा, नाहीतर टीव्हीवर लावल्यावर नातू धुक्यात दिसतो.

जुनाजाणता
किंवा वाईच्या फोटोवाल्याकडून कागदावर काढून घ्या. भिंतीवरच्या फोटोला जागा भरल्याचा निरोप येत नाही.

गुहागरची_आजी
स्टेटसला लावायचाच तर तीट लावून काढा हो फोटो. आणि उलटंही करा. आमचे फोटो तिकडे पाठवलेत, सुनेने पुठ्ठ्यावर चिकटवून वही केली आहे. नातू आजोबांना चावतो, पण ओळखतो.

फिरंगीपुणेकर
फोन बंद कसा करता तुम्ही लोक? आमच्याकडे शेवटी हमखास रडारड.

दर्यावर्दीण
आमच्याकडे लाल बटण मुलगाच दाबतो. आधी टाटा, मग पापी, मग बटण. तोच बंद करतो म्हणून रडत नाही. समोरच्याचं वाक्य अर्धं राहतं, त्याला इलाज नाही.

लीड्सकर
डिसेंबर संपत आला, आत्ता वेळ मिळाला. काय काय झालं ते लिहिते.

आईंशी बोलायचं काम नवऱ्याने केलं. त्याने काही समजावलं नाही. "आई, फोन खिडकीत ठेव आणि मटार सोल, मला बघायचंय," एवढंच म्हणाला. त्या सोलत बसल्या. लेक प्लास्टिकचे ठोकळे वाटीत टाकून सोलायला लागली. त्या एक दाणा टाकतात, ही एक ठोकळा टाकते. आई मध्येच "हं, आता दुसरी शेंग" म्हणतात आणि ही खरंच दुसरा डबा घेऊन येते. कुकर झाला की त्या शिट्टी ऐकवतात, ही कानावर हात ठेवते. "ओळखते का मला" हे आईंनी बरेच दिवस विचारलेलं नाही.

आबांचं जमलं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत म्हटलं की ते फोनसमोर नुसते बसून राहतात, आणि ते जास्तच अवघड. मग शनिवारी नवरा आमच्या अकराला फोन लावायला लागला. तिकडे साडेचार. आबा फिरायला निघतात ते फोन खिशात उभा ठेवून, कॅमेरा बाहेर. ढोल्या गणपतीपाशी थांबतात, मग कृष्णेचा घाट. पाण्यात म्हशी असल्या तर लेक किंचाळते. आबा दिसत नाहीत, त्यांचा श्वास आणि काठीचा ठकठक आवाज ऐकू येतो, आणि ते स्वतःशी बोलल्यासारखे "हे बघ देऊळ, हे बघ बेलाचं झाड" म्हणत चालतात. वाटेत कुणी भेटलं की पाच मिनिटं त्याचीच विचारपूस. लेक तेही ऐकते.

सोलापूरचा प्रश्न भलताच सुटला. आई मालिका बघत बारापर्यंत जागी असते, म्हणजे आमचे साडेसहा. लेकीच्या जेवणाची वेळ. आई गुहागरच्या आजींच्या अगदी उलट आहे. गाते, टाळ्या वाजवते, नावं विचारते, सूचना देते आणि लेक तिच्यापुढे नाचते. तिला प्रश्न चालतात, पण सोलापूरचेच. का ते विचारू नका.

राहिलेलं: तळहातावर मोराला चारा घालून काखेत गुदगुल्या करायचा खेळ आई फोनवरून करू बघतात आणि तिथे गाडी अडते. लेक हात पुढे करते, बोट येत नाही, मग ती माझ्याकडे बघते. आईंनी सुरुवात करायची आणि गुदगुल्या मी करायच्या, अशी वाटणी केली आहे. आणि "येणार कधी?" ला उत्तर नाही. इथला व्हिसा सहा महिन्यांपर्यंत राहू देतो, पण आबांचे गुडघे विमानात बसायला तयार नाहीत.

हो, आणि हाताचा छाप पाठवला. आबांनी तो कपाटाच्या दाराला आतून लावलाय. बाहेर का नाही, तर ऊन लागतं म्हणून.

आता नवीन प्रश्न. संक्रांतीला बोरन्हाण करायचं आहे. इथे बोरं कुठून आणू?

फिरंगीपुणेकर
ब्रॅडफर्ड शेजारीच आहे ना तुला? तिथल्या आपल्याकडच्या दुकानांत चुरमुरे नक्की मिळतील, ऊसही मिळाला तर मिळेल. बोरांची आशा धरू नको. आम्ही म्युनिकला स्ट्रॉबेरी घेतल्या होत्या. वाईवाल्यांना पाचगणीची आठवण म्हणून खपून जाईल.

डॉ_खोकला
एक सूचना. बोरन्हाणात खाली पडलेलं सगळं मुलं उचलून तोंडात घालतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, कडक हलवा, बोराच्या बिया, हे एवढ्या लहानांच्या घशात अडकतं. अख्खे दाणे पाच वर्षांच्या आत नकोतच. डोक्यावरून चुरमुरे ओता, स्ट्रॉबेरी बारीक चिरून वाटीत द्या. बाकीचं मोठ्या मुलांच्या पिशव्यांत बांधून.

गुहागरची_आजी
काळं झबलं शिवलंस का? हलव्याचे दागिने टपालाने मागवू नको, चुरा होऊन येतील. कुणी येणारं असेल तर डब्यात कापसावर ठेवून. नाहीच मिळाले तर कागदाचा मुकुट कर, तेवढाच वेळ डोक्यावर राहतो. संक्रांतीलाच हवं असं नाही, रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं. सवडीचा रविवार बघ.

लीड्सकर
रविवार बघितला. आमचे सकाळचे दहा, तिकडचे दुपारचे साडेतीन. आई म्हणतात आधी औक्षण, मग ओतायचं. सोलापूरची आई म्हणते ओतून झाल्यावर औक्षण. दोघींना एकाच कॉलवर घ्यायचं की वेगवेगळं, ते मी नवऱ्यावर सोपवलंय.

खडूस_काकू
वेगवेगळं.